पट्टकृमी ओळखायचा तर लांबी नाही, डोकं आणि खंड बघा

जंगली प्राण्याच्या आतड्यात टेपवर्म म्हणजे पट्टकृमी सापडला की पहिला प्रश्न हमखास एकच येतो, किती लांब आहे? मी इतकी वर्षं मायक्रोस्कोपखाली हे कृमी बघतोय आणि मला दर वेळी सांगावंसं वाटतं की लांबीचं सोडा, डोकं मिळालंय का ते सांगा. स्पर्म व्हेलमध्ये मिळणारा पट्टकृमी 30 मीटरच्या आसपास जातो आणि रेड फॉक्समधला एकायनोकॉकस मल्टिलॉक्युलॅरिस जेमतेम 2 ते 4 मिलिमीटरचा, पण दोघांचा मूळ आराखडा तोच. पुढे स्कोलेक्स म्हणजे डोकं, त्याच्या मागे बारीक मान, आणि मानेतून सतत नवे खंड, म्हणजे शरीराचे चपटे तुकडे, तयार होत मागे सरकत राहतात. म्हणजे डोक्याजवळचा खंड सगळ्यात कोवळा आणि शेपटाकडचा सगळ्यात जुना, अंड्यांनी भरलेला.

डोकं म्हणतो खरं पण त्याला तोंड नाही. तोंड नाही, आतडं नाही, सगळं अन्न त्वचेतून शोषून घ्यायचं, आणि त्यासाठी त्वचेवर मायक्रोट्रिक्स नावाचे अतिसूक्ष्म केसासारखे उंचवटे असतात त्यामुळे शोषणाचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो. डोक्याचं काम फक्त धरून ठेवणं. आणि कोण कसं धरतो यावरच वर्गीकरणाची पहिली फांदी फुटते. दोन लांबट खाचा असतील तर डायफायलोबोथ्रिडिया, चार गोल चूषक, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्या, असतील तर बहुतेक वेळा सायक्लोफायलिडिया. सस्तन प्राण्यांत जास्त करून हे दोनच गण भेटतात. जुन्या पुस्तकांत पहिल्याच्या जागी स्यूडोफायलिडिया दिसेल, तो गण 2008 मध्ये मोडला आणि त्यातले मुख्यतः माशांत राहणारे बोथ्रिओसेफॅलिडिया म्हणून वेगळे झाले.

आता सायक्लोफायलिडियातला टीनिया. याच्या डोक्याच्या टोकाला रोस्टेलम नावाचा उंचवटा असतो आणि त्यावर सहसा आकड्यांच्या, म्हणजे हुकांच्या, दोन रांगा, एक मोठ्यांची एक लहानांची, मुकुटासारख्या. लांडगा, कोल्हा, रानमांजर यांच्यात मिळणाऱ्या जाती वेगळ्या काढायच्या तर आकडे मोजायचे, त्यांची लांबी मायक्रोमीटरमध्ये घ्यायची, मूठ आणि पातं यांचा आकार बघायचा. हे काम मला मनापासून आवडतं. डोकं काचेखाली दाबलं की आकडे आडवे पडतात आणि प्रत्येकाची कोयत्यासारखी रेषा स्पष्ट दिसते, दोन जातींच्या आकड्यांत फरक आहे हे एकदा डोळ्याला कळलं की मग विसरत नाही.

पण नुसत्या डोक्यावर भागत नाही. खरा तपशील पक्व खंडात असतो. एकेका खंडात नर आणि मादी दोन्ही अवयव, म्हणजे एका लांब कृमीत शेकडो पुनरुत्पादन संच. वृषणं किती? उंदरांतल्या हायमेनोलेपिसला साधारण तीन, टीनियाला शेकड्यांनी. अंड्यांना पोषण पुरवणारी पीतक ग्रंथी सायक्लोफायलिडियात सहसा एकच घट्ट गोळा आणि अंडाशयाच्या मागे, डायफायलोबोथ्रिडियात मात्र खंडभर विखुरलेले बारीक दाणे. जननछिद्र कडेला की खंडाच्या मधोमध? मेसोसेस्टॉइडिस नावाच्या कृमीला चार चूषक आहेत, आकडे नाहीत, रोस्टेलम नाही आणि छिद्र पोटाकडच्या बाजूला मधोमध, त्यामुळे एक चांगला रंगवलेला खंड मिळाला तरी तो लगेच ओळखू येतो. रवंथ करणाऱ्या प्राण्यांतल्या मोनिझियात तर एकाच खंडात दोन संच असतात, दोन्ही कडांना एकेक छिद्र. मोनिझियाच्या कुळात, म्हणजे ॲनोप्लोसेफॅलिडीत, आकडे नसतातच. हत्ती, गेंडा यांच्यातले ॲनोप्लोसेफॅला याच कुळातले. या कुळाच्या अळ्या गवत-मातीतल्या ओरिबॅटिड माइट्स नावाच्या बारीक अष्टपाद जीवांमध्ये वाढतात आणि चरताना माइट पोटात गेला की झालं.

वर्गीकरण पक्कं झालंय असं मात्र समजू नका. 2013 मध्ये जनुकांच्या आधारे टीनिया फोडली गेली. मांजरवर्गातला टीनिया टीनिफॉर्मिस परत हायडॅटिजेरात गेला, हे नाव लामार्कने 1816 मध्येच दिलेलं होतं, आणि विझल-कुळातल्या प्राण्यांच्या कृमीसाठी व्हर्स्टेरिया हे नवीन प्रजातीनाम (जीनस) आलं. मला यातलं सगळ्यात आनंदाचं म्हणजे जनुकांनी जे सांगितलं ते अंगावर आधीच दिसत होतं. हायडॅटिजेराचे आकडे दणदणीत, व्हर्स्टेरियाचे अगदी चिमुकले, डोकंही लहान.

म्हणूनच नमुना नीट जपायला हवा. शिकत असताना माझा एक चांगला कृमी असाच गेला, आतड्यातून काढला आणि जिवंतच थंड फॉर्मेलिनमध्ये टाकला, तो आखडून असा गोळा झाला की आत वृषणं कुठे अंडाशय कुठे काही कळेना, आणि डोकं तर ओढताना आतड्यातच तुटून राहिलं होतं. तेव्हापासून ओढत नाही. कृमी जिथे चिकटलाय तो आतड्याचा तुकडा कापून पाण्यात ठेवायचा, बराच वेळ लागला तरी कृमी सैल पडून आपणहून सुटू द्यायचा, मग पसरवून गरम फिक्सेटिव्ह, म्हणजे नमुना आहे तसा टिकवणारं द्रावण, थोडे खंड जनुकांसाठी 95 टक्के अल्कोहोलमध्ये वेगळे. उरलेले कार्माइनने रंगवायचे. आणि हो, मांसाहारी प्राण्याचं आतडं असेल तर हातमोजे आणि मास्क घालूनच उघडायचं, एकायनोकॉकसची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत आणि पोटात गेली तर माणसाच्या यकृतात गाठी होतात.