पहिलं, तिसरं, पाचवं घर

मी टॉवर डिफेन्स गेमचा बॅलन्स पाहतो. या गेममध्ये शत्रू एका दारातून येऊन ठरलेल्या रस्त्याने बाहेरच्या दाराकडे चालतात, आणि रस्त्यालगत टॉवर उभारून त्यांना तिथे पोचण्याआधी मारायचं असतं. शत्रूची हेल्थ, टॉवरचा डॅमेज, रेंज, वेग हे आकडे असे जुळवायचे की लेव्हल जिंकता यावी, पण डोकं न लावता जिंकता येऊ नये. दिवसाचा बराचसा वेळ एकच वेव्ह, म्हणजे शत्रूंची एक लाट, पुन्हा पुन्हा चालवून तिच्या नोंदी वाचण्यात जातो.

ज्या लेव्हलबद्दल लिहितोय तिच्यात एक समनर टॉवर आहे. तो एका दमात तीन सैनिक बोलावतो आणि प्रत्येकाची जागा ठरवणारा झेंडा खेळाडूला रस्त्यावरच्या हव्या त्या घरात, म्हणजे चौकोनात, रोवता येतो. झेंड्याची कल्पना आमची नाही. 2011 च्या किंगडम रश या गेममध्ये बराकीतल्या सैनिकांना असंच जागेवर उभं करता येतं. आमच्याकडे तक्रार आली की हे सैनिक कुचकामी आहेत, बॉस, म्हणजे लेव्हलमधला सर्वांत दणकट शत्रू, त्यांना चिरडून पुढे जातो. मीटिंगमध्ये लगेच ठरत आलं: सैनिकांचा डॅमेज दीडपट करू. आमच्या टीमला ही वाईट सवय आहे. काही बिघडलं की टेबलातला आकडा वाढवायचा. सैनिक उभा कुठे आहे, ते बघायचंच नाही.

सैनिक उभा करायचा तो शत्रूला टॉवरच्या रेंजमध्ये खोळंबवण्यासाठी. आमच्या लेव्हलमध्ये तीन टॉवर मिळून सेकंदाला 120 डॅमेज करतात. सैनिक स्वतः करतो 10, आणि साध्या शत्रूसमोर तो दोन सेकंद टिकतो. बहुतेक खेळाडू त्याला थेट शत्रूच्या दारात, रेंजच्या बाहेर उभा करतात. तिथे त्याची एकूण कमाई 20. डॅमेज दीडपट केला तर 30. तोच सैनिक रेंजच्या आत घ्या: त्या दोन सेकंदांत टॉवर 240 डॅमेज करतात, वर त्याचे स्वतःचे 20. तेरापट फरक, आणि एकही आकडा बदलावा लागला नाही.

फार मागे, रेंजच्या शेवटाला उभं करणंही धोक्याचं. सैनिक एका वेळी एकालाच अडवतो, दुसरा शत्रू बाजूने निसटतो. टॉवर साधारणपणे बाहेरच्या दाराच्या सर्वांत जवळ असलेल्याला नेम धरतात, म्हणजे अडकलेल्याला सोडून निसटलेल्याकडे वळतात. सैनिक मागे असेल तर त्या निसटलेल्याला मारायला रस्ताच उरत नाही. आर्कनाइट्स या गेममध्ये कोण किती शत्रू अडवू शकतो, हा आकडा प्रत्येक ऑपरेटरच्या, म्हणजे तिथल्या लढवय्याच्या, माहितीत लिहिलेला असतो. आमच्या गेममध्ये तो कुठेच दिसत नाही. मी हे अनेकदा मांडलंय. 'खेळाडू वाचत नाहीत' एवढंच उत्तर मिळतं.

आता बॉस. हेल्थ 2000, वेग सेकंदाला अर्धं घर. रेंजमधून सरळ जाणारा रस्ता सहा घरांचा, म्हणजे कुणी अडवलं नाही तर तो बारा सेकंद माऱ्यात राहतो आणि 1440 खाऊन निसटतो. त्याच्या चिलखतावर सैनिकांचे वार लागतच नाहीत, त्यामुळे दीडपट डॅमेजचा प्रस्ताव इथे शून्य कामाचा होता. सैनिक समोर आला की बॉस थांबतो, दोन सेकंद घेऊन एक घाव घालतो, आणि त्या घावात सैनिकासकट पुढचं-मागचं एकेक घर साफ होतं. आम्ही सगळे, खेळाडूंसारखेच, तिन्ही झेंडे एकाला लागून एक रोवत होतो. पहिल्या घावात दोघे खलास, दुसऱ्यात तिसरा, चार सेकंद मिळाले. एकूण 1920, बॉस तरीही निसटला.

त्या दिवशी टीममध्ये नव्यानेच आलेल्या टेस्टरने झेंडे पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या घरात रोवले. बॉसने पहिल्याला मारलं, दोन घरं चालला, पुन्हा थांबला, पुन्हा दोन सेकंद. मग तिसऱ्यांदा तेच. सहा सेकंद मिळाले, 720 जास्तीचे, एकूण 2160. बॉस पाचव्या घराच्या पुढे पडला. सैनिक तेच, खर्च तोच, फक्त मध्ये एकेक घर मोकळं. मी नोंदी दोनदा वाचल्या आणि तिला म्हणालो, "हीच तर ही लेव्हल आहे." मला खरंच फार आनंद झाला होता.

मुख्य डिझायनरना नाही झाला. त्यांच्या मते ही पळवाट. व्हिडिओ आला की सगळे हीच मांडणी घरागणिक उतरवतील. त्यांनी घावाचा पल्ला दोन घरांचा केला. आता सैनिक तीन घरांच्या अंतराने लागतात: पहिलं, चौथं आणि सातवं. सातवं रेंजबाहेर. दोघांचे चार सेकंद, 1920. बॉस 80 हेल्थ शिल्लक ठेवून निसटतो.

टेस्टर गप्प बसली नाही. एक टॉवर एक घर पुढे सरकवला, म्हणजे सातवं घर त्याच्या माऱ्यात आलं. पण मग पहिलं घर त्याच्या हातून गेलं. पहिल्यापाशी 160, चौथ्यापाशी 240, सातव्यापाशी 80; बेरीज पुन्हा 480. किती सरकवा, तेच. सहा घरांच्या रेंजमध्ये तीन घरांच्या अंतराने उभे असलेले सैनिक दोनच मावतात, आणि हे प्रत्येक टॉवरला वेगवेगळं लागू आहे. म्हणजे नव्या पल्ल्यात कोणतीच मांडणी जिंकत नाही, टॉवर अपग्रेड करावाच लागतो. मांडणीची लेव्हल आता खर्चाची झाली, आणि हे मला पटत नाही.

मी दुसरा मार्ग सुचवलाय: पल्ला एकाच घराचा ठेवा, पण बॉस घाव उगारतो त्या दोन सेकंदांत धोक्यातली घरं जमिनीवर लाल दाखवा. मग मोकळं घर सोडायचं हे खेळाडूला हरतानाच कळेल, व्हिडिओची गरज पडणार नाही. डिझायनरांचं म्हणणं, तसं केलं तर शोधायला काही उरतच नाही. यावर माझ्याकडे अजून पक्कं उत्तर नाही. धोका दिसला तरी सहा घरांत तिघांना बसवायचं कसं, हे शोधावंच लागेल असं मला वाटतं. टेस्टर मात्र मानत नाही, तिच्या मते लाल घरं दिसल्यावर पाचवं घर कुणालाही सुचेल. दोन्ही बिल्ड, म्हणजे गेमच्या दोन्ही आवृत्त्या, तयार आहेत, आणि कोणता पुढे पाठवायचा यावर आमचं तिघांचं अजून एकमत झालेलं नाही.