चंद्र एक, भरत्या दोन

गोव्यात मांडवीकाठी रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत उभं राहिलं की कोणी ना कोणी विचारतंच. बहुतेक वेळा विचारणारा माझा जुना विद्यार्थी असतो, हल्ली कधी कधी त्याचा मुलगा. एकदा तर ओळखीच्या एकाने "हे आमचे विज्ञानाचे सर" असं म्हणायचा अवकाश, शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी हेल्मेटही न काढता विचारून टाकलं. प्रश्न ठरलेला: "सर, चंद्र एक, मग दिवसातून भरत्या दोन कशा?"

बोट पलीकडच्या चोडण बेटावर, आमच्या गावी, पोचायला पाच-सात मिनिटं लागतात. तेवढ्यात हे उत्तर पुरं होत नाही. फळी खाली पडते, स्कूटरी सुरू होतात आणि माझं वाक्य धुरात अर्धं राहतं. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं बसून लिहितो.

आधी एक कबुली. तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली पहिली पंधरा-सोळा वर्षं मी या प्रश्नाचं चुकीचं उत्तर देत होतो. तेही मोठ्या ठसक्यात, रंगीत खडूने आकृती काढून.

चंद्राकडच्या बाजूचं पाणी चंद्र ओढून घेतो, हे कोणालाही पटतं. घोडं अडतं ते पलीकडच्या बाजूला. तिथलं पाणी चंद्राच्या उलट दिशेला का फुगावं? मी फळ्यावर पृथ्वी आणि चंद्र काढायचो आणि सांगायचो की दोघं एका सामाईक बिंदूभोवती फिरतात. पृथ्वी चंद्राच्या ८१ पट जड, म्हणून तो बिंदू पृथ्वीच्या पोटातच, केंद्रापासून सुमारे ४,६७० किलोमीटरवर पडतो. इथवर सगळं खरं. पुढे मात्र म्हणायचो की या गरगरण्यात पलीकडचं पाणी अपकेंद्री बलाने बाहेर फेकलं जातं, जत्रेतल्या चक्रात बसल्यावर आपण बाहेरच्या अंगाला रेटले जातो तसं. वर्ग माना डोलवायचा. पाळणा सगळ्यांनी पाहिलेला, त्यामुळे शंका कोणाला येणार?

एका वर्षी दहावीतल्या एका मुलीला आली. म्हणाली, "सर, समजा चंद्र फिरायचा थांबला आणि सरळ आपल्या अंगावर पडायला लागला. मग फिरणं संपलं. तर मागची भरती नाहीशी होणार?"

मी म्हटलं, होणार. ती खाली बसली, पण पटल्यासारखी दिसली नाही. त्या संध्याकाळी बोटीवर मलाही पटेना. सामाईक बिंदूभोवतीच्या त्या फेऱ्यात पृथ्वीचा प्रत्येक कण सारख्याच आकाराचं वर्तुळ काढतो. म्हणजे ते अपकेंद्री बल सगळीकडे सारखंच, एकाच दिशेला. जे सगळीकडे सारखं आहे ते एकाच बाजूचं पाणी फुगवणार कसं? तिचं म्हणणं मी आठवडाभर कागदावर मांडून पाहिलं. चंद्र सरळ पडू लागला तरी मागची भरती जागेवर राहते. उलट तो जवळ येईल तशा दोन्ही भरत्या वाढत जातात. मग वर्गात जाऊन जुनी आकृती पुसली आणि नवीन काढली. ती मुलगी त्या दिवशी नेमकी गैरहजर होती. तिला मी नंतर मधल्या सुट्टीत गाठून सांगितलं.

बरोबर उत्तर मला त्याच बोटीवर सापडलं. फळी पडली की सगळ्यात पुढचा स्कूटरवाला भर्रकन निघतो, मधला त्याच्या मागून बेताने, आणि शेवटचा, ज्याची किक बसत नाहीये, तो रेंगाळत. तिघंही एकाच दिशेला, गावाकडेच चाललेत. पण मधल्याला कसं दिसतं? पुढचा पुढे पळतोय आणि मागचा मागे पडतोय, म्हणजे दोघंही त्याच्यापासून दूर चाललेत. मागच्याला कोणी मागे ढकललेलं नाही.

आता मधल्या स्कूटरच्या जागी पृथ्वी ठेवा आणि पुढच्या-मागच्यांच्या जागी दोन्हीकडचं पाणी. चंद्र सुमारे ३,८४,४०० किलोमीटरवर, पृथ्वीचा व्यास १२,७४२. त्यामुळे चंद्राची ओढ जवळच्या अंगाला पृथ्वीच्या केंद्रापेक्षा तीनेक टक्के जास्त आणि पलीकडच्या अंगाला तीनेक टक्के कमी पडते. जवळचं पाणी पृथ्वीच्या पुढे जाऊ पाहतं, पलीकडचं मागे रेंगाळतं, आणि आपल्याला, मधल्या स्कूटरवर बसलेल्यांना, दोन फुगवटे दिसतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा दिवसात दोन्हींखालून जाते. एवढ्यात चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून दोन्ही भरत्यांचा फेरा पुरा व्हायला २४ तासांऐवजी २४ तास ५० मिनिटं लागतात.

भरती ओढीवर नव्हे, ओढीतल्या फरकावर चालते, हे एकदा ध्यानात आलं की सूर्याचं कोडंही सुटतं. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोराने ओढतो, तरी त्याची भरती चंद्राच्या निम्मीही नाही. तो इतका लांब आहे की त्याच्या लेखी पृथ्वीची ही बाजू काय आणि ती काय, फरक फार थोडा. पण तो चंद्राच्या रेषेत आला, म्हणजे अवसेला आणि पुनवेला, की उधाण. अष्टमीच्या सुमारास काटकोनात आला की भांग, म्हणजे लहान भरती. आमच्याकडे उधाणाला पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं, भांगाला जेमतेम मीटरभर. अवसेला चंद्र दिसत नाही तरी भरती मोठी कशी, असंही पुष्कळ जण विचारतात. दिसत नाही तो आपल्याला. ओढायला त्याला उजेड लागत नाही.

इथपर्यंत आलं की हुशार पोरगं पुढचा प्रश्न टाकतं: मग आमच्या विहिरीला भरती का येत नाही? हा प्रश्न मला मूळ प्रश्नापेक्षाही जास्त आवडतो. चंद्राची ही जी जास्तीची ओढ, ती पृथ्वीच्या स्वतःच्या ओढीच्या साधारण एक कोटीव्या भागाइतकी आहे. सत्तर किलोच्या माणसाचं वजन चंद्र डोक्यावर असताना सात मिलिग्रॅमने घटतं, म्हणजे साखरेच्या काही दाण्यांइतकं. एवढ्याशा जोराने कोणी पाणी वर उचलू शकत नाही, आणि चंद्रही उचलत नाही. तो पाण्याला आडवं सरकवतो. त्याची ओढ जिथे तिरकी पडते तिथे पृथ्वीचं वजन तिला विरोध करत नाही, कारण ते सरळ खाली आहे. हजारो किलोमीटरचं पाणी एका दिशेला किंचित किंचित सरकलं की शेवटी कुठेतरी ढीग साचतो. विहिरीत सरकायला जागा किती? दहा हात. समुद्राकाठच्या काही विहिरींचं पाणी भरतीबरोबर खालीवर होतं खरं, पण तो जमिनीतून पोचलेला समुद्राचाच दाब.

या विषयात ठेचाळलेला मी एकटा नाही, याचं थोडं समाधान आहे. गॅलिलिओने १६३२ साली छापलेल्या ग्रंथात भरती-ओहोटी हाच पृथ्वी फिरत असल्याचा पुरावा म्हणून मांडला होता. पृथ्वीच्या दोन गतींमुळे समुद्र हिंदकळतो, असं त्याचं म्हणणं. चंद्राचा संबंध त्याला पोरकट वाटे आणि केप्लरसारख्याने त्याला कान द्यावा याचं त्याने आश्चर्य केलं. त्याच्या हिशेबाने दिवसाला एकच भरती यायची. दुसरीची जबाबदारी त्याने समुद्राच्या खोलीवर आणि लांबी-रुंदीवर टाकली. न्यूटनने १६८७ मध्ये दोन्हींचा हिशेब लावला.

पण गंमत अशी की गॅलिलिओचं हिंदकळणं अगदीच वाया गेलं नाही. हे मला कळलं आमच्या मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर.

चोडणची बरीचशी शेती खाजन जमिनीची, म्हणजे भरतीच्या पातळीखालची. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून लोकांनी बांध घालून ती नदीकडून मिळवली आणि त्यात खाऱ्याला दाद न देणारं कोरगूट भात पेरलं. बांधात मधे मधे मानस असते, लाकडी दारांची. बाहेर भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दारं मिटतात. सुकती लागली (पुस्तकातली ओहोटी आमच्याकडे सुकती) की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. ना मोटर, ना पहारेकरी. सुकतीला दारातून बाहेर धावणाऱ्या पाण्याला जाळं लावून मासळी धरण्याच्या हक्काची दर वर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि बोली चांगलीच चढते. चंद्राचा फरक रुपयांत मोजायचा असेल तर तो असा.

आमच्या वाड्यावरचे एक काका कित्येक वर्षं मानशीवर होते. नवी आकृती शिकल्यावर मोठ्या उत्साहाने मी त्यांना सांगायला गेलो की सगळ्यात मोठं पाणी पुनवेला. त्यांनी जाळं विणता विणता मान हलवली.

"पुनवेक न्हय मास्तर, उपरांत."

एक-दोन दिवस उपरांत. आणि चंद्र डोक्यावर आला की भरती, असंही नाही. दोन्ही गोष्टी मी नंतर भरतीच्या तक्त्यात ताडून पाहिल्या. काकांचं बरोबर, माझ्या आकृतीचं अर्धं.

कारण असं. तो फुगवटा चंद्राखाली कायम राहायचा तर त्याला विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६०० किलोमीटर पळावं लागेल. चार किलोमीटर खोल समुद्रात एवढी लांब लाट पळू शकते ताशी सातशेच्या आसपास. त्यात वाटेत आफ्रिका उभी, अमेरिका उभी. तेव्हा फुगवटे पृथ्वीभोवती फेरी मारतात हे चित्र चंद्राची ओढ समजायला ठीक आहे, पाणी मात्र तसं वागत नाही. चंद्र ताल देतो आणि प्रत्येक समुद्र आपापल्या आकाराप्रमाणे, खोलीप्रमाणे त्या तालावर हिंदकळतो. कळशी घेऊन चालताना पावलांच्या ठेक्यावर पाणी हलतं, पण बरोबर पावलाबरोबर नाही, तसं. फ्रेंच गणिती लाप्लासने १७७० च्या दशकात याचं गणित मांडलं.

म्हणूनच किनाऱ्यावर चार तास गाडी चालवली की भरती बदलते. अरबी समुद्रात ती आमच्याकडे आधी येते, मुंबईला नंतर. कोचीला पाणी मीटरभरही हलत नाही, आमच्याकडे उधाणाला दोन मीटर, मुंबईला चारच्या आसपास, आणि खंबातच्या आखातात भावनगरला दहाच्या वर. चंद्र सगळ्यांना तोच. उत्तरेकडे उथळ समुद्राचा पट्टा रुंदावत जातो आणि आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होतं, त्यात पाणी कोंडलं की चढतं. मांडवीतही लहान प्रमाणात हेच. तोंडापासून ४० किलोमीटर आत गेलं तरी उन्हाळ्यात भरतीची चढउतार फारशी घटत नाही. तळाशी घासून जेवढं बळ जातं, तेवढं नदी अरुंद होत गेल्यामुळे भरून निघतं. पाहुण्यांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. समुद्र दिसत नाही अशा ठिकाणी नदी उलटी कशी वाहील? काठावर उभं राहून वाहत्या नारळाची दिशा पाहा म्हणतो.

मागच्या उन्हाळ्यात अवसेनंतरच्या रात्री मी एका जुन्या विद्यार्थ्याबरोबर, म्हणजे बोटीवर प्रश्न विचारणाऱ्यांपैकीच एकाबरोबर, मानशीवर गेलो. मिट्ट काळोख, चिखलाचा वास, बांधापलीकडे खारफुटीत काहीतरी फडफडलेलं. अकरा वाजून गेले होते. दारं घट्ट मिटलेली आणि बाहेरचं पाणी बांधाच्या कडेला जवळजवळ टेकलेलं. त्याने वर पाहिलं, ताऱ्यांशिवाय काही नाही.

"चंद्र कुठे आहे आत्ता?"

मी बॅटरी खाली, आमच्या पायांकडे धरली. चंद्रही तिकडेच आणि सूर्यही, पृथ्वीच्या पलीकडे. तो चिखलातल्या आपल्या चपलांकडे बराच वेळ बघत राहिला.

मध्यरात्र उलटल्यावर पाणी ओसरू लागलं. काही वेळाने दारांतून आधी एक बारीक चिळकांडी आली, मग लाकूड कुरकुरलं, आणि काकांच्या मुलाने जाळं सोडलं.