‘लेक टाहो’च्या शहरात: प्रोग्रेसो

मेक्सिकोच्या युकातान राज्यातल्या मेरिदा शहराहून उत्तरेकडे साधारण 36 किलोमीटरचा सपाट, सरळ रस्ता संपतो तिथे मेक्सिकोच्या आखातावरचे प्रोग्रेसो हे बंदर आहे. युकातानला येणारे बहुतेक प्रवासी माया मंदिरांसाठी येतात. मी मात्र मेक्सिकन दिग्दर्शक फेर्नांदो आइम्बके यांच्या ‘लेक टाहो’ (2008) या चित्रपटाच्या ओढीने इथे आलो. आपला पहिला चित्रपट त्यांनी राजधानीतल्या तलातेलोल्को वसाहतीतील एका सदनिकेत घडवला होता. दुसऱ्यासाठी ते मेक्सिको सिटी सोडून या बंदरात आले, आणि मला वाटते, त्यामुळेच त्यांच्या विनोदाला मोकळी हवा मिळाली.

कथानक एवढेसेच आहे. हुआन हा मुलगा घरची लाल निस्सान त्सुरू खांबावर आदळतो आणि एका सुट्या भागासाठी गावभर पायपीट करतो. म्हातारा मेकॅनिक डॉन एबेर त्याला आधी चोर समजून कुत्र्याच्या पहाऱ्यात बसवतो आणि पुढे त्याच कुत्र्याला फिरवून आणायला सांगतो. दुकानातली लुसिया त्याच्याकडून बाळ सांभाळण्याची अपेक्षा धरते. ब्रूस लीच्या भजनी लागलेला दाविद दुरुस्ती बाजूला ठेवून कुंग-फूत रमतो. घाई फक्त हुआनला आहे. वडिलांच्या मृत्यूचे दुःख टाळण्यासाठी हा मुलगा घराबाहेर राहतो आहे, हे हळूहळू उमगत जाते आणि तरीही हसू थांबत नाही, यातच आइम्बके यांचे मोठेपण आहे.

भर दुपारी मी समुद्राकडे पाठ करून आतल्या रस्त्यांवर चालत गेलो. रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत, घरे बैठी आहेत आणि उन्हाच्या वेळी अर्धी दुकाने बंद असतात. एका गॅरेजच्या उघड्या दारातून समोरासमोरच्या भिंतींत बसवलेल्या लोखंडी कड्या आणि त्यांना टांगलेला झोपाळा दिसला. त्यात मालक पहुडला होता आणि बाजूला बॉनेट उघडलेली गाडी तशीच उभी होती. कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून माणसाला चौकटीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत निवांत चालू देण्याची आइम्बके यांची पद्धत इथे मला शैलीपेक्षा निरीक्षण वाटली.

समुद्राकडे परतलो तेव्हा सुमारे आठ किलोमीटर लांबीचा धक्का दिसला. किनाऱ्यालगतचा चुनखडीचा तळ फार उथळ असल्याने जहाजांना खोल पाणी मिळावे म्हणून तो इतका आत न्यावा लागला. संध्याकाळी गाडीवर मार्केसिता खाल्ली. तव्याच्या साच्यात भाजलेली पातळ पोळी, तीवर किसलेले एडाम चीज, आणि गरम असतानाच घट्ट गुंडाळी. खारट-गोड अशी ती चव युकातानची खास ओळख आहे.

क्रूझ जहाज लागलेल्या दिवशी किनाऱ्यालगतचा रस्ता पर्यटकांनी फुलून जातो. चित्रपटातले शहर पाहायचे असेल, तर जहाज नसलेला दिवस निवडावा आणि दुपारची वेळ चुकवू नये.