स्कॅनरने कोड दाखवल्यानंतरचे काम

कॉमन रेल, म्हणजे एकाच सामायिक नळीत (रेलमध्ये) मोठ्या दाबाखाली ठेवलेले डिझेल इंजेक्टरमार्फत सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या डिझेल इंजिनाची तक्रार घेऊन गाडी गॅरेजात आली, की बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडणे, आलेला कोड वाचणे आणि त्या कोडमध्ये ज्या भागाचे नाव असेल तो भाग बदलणे, अशी कामाची पद्धत सध्या सर्रास रूढ होताना दिसते. ही पद्धत मला मान्य नाही. गाडीच्या कंट्रोल युनिटला, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकाला, जे आढळले त्याची नोंद कोडमध्ये असते. ते का घडले, हे मेकॅनिकलाच शोधावे लागते. ग्राहकाचे पैसे वाचतात की वाया जातात, हे याच शोधावर अवलंबून असते.

निफाड भागातील एका शेतकऱ्याची पिकअप आमच्याकडे आली होती. भिवंडीहून माल भरून परतताना कसारा घाटात गाडी ओढत नव्हती आणि चेक इंजिनचा दिवा लागत होता. कोड होता पी००८७, म्हणजे रेलमधील दाब अपेक्षेपेक्षा कमी. दुसरीकडे कुठे तरी याच कोडवरून रेल प्रेशर सेन्सर बदलून झाला होता आणि तक्रार जशीच्या तशी होती. अशा वेळी कोड लगेच पुसून टाकण्याचा मोह आवरावा, कारण त्याच्यासोबत साठवलेली फ्रीझ फ्रेमची माहिती, म्हणजे बिघाड नोंदला गेला तेव्हाचा वेग, आरपीएम, इंजिनावरील भार आणि तापमान, पुसल्यावर पुन्हा मिळत नाही. या गाडीत ती नोंद पूर्ण भाराची होती. त्यामुळे उभ्या गाडीवर निदान होणार नाही, हे पहिल्या पाच मिनिटांतच कळले.

इंजिन बंद, स्विच चालू आणि गाडी बराच वेळ उभी, अशा स्थितीत सेन्सरने दाब जवळपास शून्य दाखवला. म्हणजे नवा सेन्सर खरे बोलत होता. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू असताना, कंट्रोल युनिटने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळणारा दाब जुळत होता, सुमारे ३०० बार. मात्र चढावर भार पडताच मागणी १४०० बारच्या आसपास जाई आणि प्रत्यक्ष दाब ९०० च्या पुढे सरकत नसे. एवढ्यावरून पुष्कळ जण हाय प्रेशर पंप काढायला घेतात, आणि पंप हा या यंत्रणेतला सर्वांत महागड्या भागांपैकी एक आहे. आम्ही आधी डिझेल फिल्टर पाहिला, सक्शनच्या बाजूला पारदर्शक नळी जोडून हवेचे बुडबुडे येतात का ते तपासले, आणि मग चारही इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे न वापरलेले डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळ्यांना, मोजपट्टी असलेल्या बाटल्या लावल्या. इंजिन थोडा वेळ चालवल्यावर तीन बाटल्यांतील डिझेलची पातळी जवळपास सारखी होती आणि तिसऱ्या सिलिंडरची बाटली त्यांच्या दुपटीहून अधिक भरली होती. पंप दाब तयार करत होता; तो आतून झिजलेल्या एका इंजेक्टरमधून टाकीकडे परत जात होता. आयडलिंगला पंपाकडे ही गळती भरून काढण्याइतकी ताकद शिल्लक असे, घाटात ती उरत नसे. बाटल्यांची ही चाचणी अत्यंत साधी आहे, पण ती केव्हा करायची हे लाइव्ह डेटाने, म्हणजे चालू गाडीत स्कॅनरवर दिसणाऱ्या आकड्यांनी, सांगितले.

इथे एक इशारा पोटतिडकीने द्यावासा वाटतो. जुन्या पंपाच्या इंजिनात चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही हे ओळखण्याची पद्धत होती. कॉमन रेलवर ते चुकूनही करू नये. शेकडो बार दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल शरीरात घुसवते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि हात गमावण्याची वेळ येते. ज्या कामासाठी नट सैल केला जाई, ते काम स्कॅनरमधील सिलिंडर बंद करून पाहण्याची चाचणी सुरक्षितपणे करते.

आता कॅलिब्रेशनविषयी. नाशिकमध्ये ‘मायको’मुळे, म्हणजे आताच्या बॉश कंपनीच्या कारखान्यामुळे, नोझल आणि इंजेक्टर जाणणारे हात पुष्कळ आहेत, आणि पूर्वीचे कॅलिब्रेशन हे त्या हातांचे काम होते: पंप चाचणीच्या बेंचवर चढवायचा, काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलिंडरचे डिझेल मोजायचे आणि पंपातच फेरफार करून ते सारखे करायचे. कॉमन रेल इंजेक्टर बेंचवरच मोजला जातो, परंतु त्याच्यात उरलेला सूक्ष्म फरक कंट्रोल युनिटला आकड्या-अक्षरांच्या कोडने कळवला जातो. आयडलिंग, मधला भार, पूर्ण भार आणि मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा अशा वेगवेगळ्या स्थितींत तो इंजेक्टर किती कमी-जास्त डिझेल देतो, हे त्या कोडमध्ये असते, आणि त्यानुसार इंजेक्टर उघडण्याचा वेळ सुधारला जातो. हा कोड कंट्रोल युनिटमध्ये लिहिला नाही तरी गाडी चालू होते, म्हणूनच हे काम टाळले जाते. मग ठोके, धूर आणि असमान आयडलिंग सुरू होते. दुरुस्त केलेल्या इंजेक्टरबाबत तर आणखी दक्षता हवी. आत नवे सुटे भाग पडल्यावर अंगावरचा जुना कोड खरा राहत नाही. बेंचवरील मोजणीतून आलेला नवा कोडच भरला पाहिजे. कोड भरताना बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय जोडावा, कारण लिहिणे अर्धवट तुटले तर कंट्रोल युनिट निकामी होण्याचा धोका असतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाल्यानंतर डीपीएफची, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, भर पडली आहे. तिथे स्कॅनरवरून काजळीचा आकडा नुसता शून्य करून देणे ही मी ग्राहकाची शुद्ध फसवणूक मानतो, कारण काजळी फिल्टरमध्ये तशीच असते.

त्या पिकअपचा इंजेक्टर बदलून, कोड भरून, आम्ही ती भरलेल्या मालासह चढावर नेली आणि दाबाची नोंद पुन्हा घेतली. मागणी आणि प्रत्यक्ष दाब पूर्ण भारावरही सोबत चालले. गाडीमालकांनी बिलासोबत तीन गोष्टी हक्काने मागाव्यात: कोड पुसण्याआधीची फ्रीझ फ्रेमची नोंद, इंजेक्टरचा जुना व नवा कोड, आणि दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे भाराखालील रेल प्रेशर.