बटणच दिसत नव्हतं

साडेअकराला वाचनालयाच्या ताईंचा फोन आला. "दादा, एक पोरगी स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला येऊन बसलीय, आज शेवटची तारीख आहे, आणि पान काही पुढं सरकत नाहीये." हातातलं काम बाजूला ठेवून निघालो.

मी तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. वाचनालयातला तो पीसी माझ्या ओळखीचा. ड्युअल कोर, दोन जीबी रॅम, ३२ बिटचं विंडोज ७. अभ्यासिकेतली पोरं त्याच एका मशीनवर फॉर्म भरतात, हॉल तिकीट काढतात. या पोरीच्या घरी फोन एकच, तोही वडील कामावर घेऊन जातात.

असं काही झालं की मी आधी घड्याळ बघतो. मदरबोर्डवरचा सेल संपला की पीसी चालू करताना तारीख मागं जाते आणि सगळ्या साइट 'असुरक्षित' म्हणून अडतात. पण तारीख बरोबर होती. "रोज सकाळी मीच मोबाइलवर बघून लावते," ताई म्हणाल्या. म्हणजे सेल गेलेलाच होता, फक्त त्याची भरपाई त्या रोज करत होत्या. खिशातला सीआर २०३२ हा नवा सेल बसवून टाकला.

पण पान तसंच. वरती शीर्षक, खाली लिंक, आणि मध्ये जिथं रकाने आणि बटण हवं तिथं पांढरं. एफ१२ दाबून कन्सोल, म्हणजे पानातल्या चुका दाखवणारी ब्राउझरची खिडकी, उघडला तर एकच लाल ओळ: 'टू-सॉर्टेड इज नॉट अ फंक्शन'.

त्या ओळीत सगळं आलं. टू-सॉर्टेड ही यादी क्रमानं लावायची जावास्क्रिप्टमधली, म्हणजे वेबपानं चालवणाऱ्या भाषेतली, नवी सोय, क्रोममध्ये ती आवृत्ती ११० पासून आली. आणि विंडोज ७ वर चालणारं शेवटचं क्रोम १०९, जानेवारी २०२३ चं. एका आकड्यानं चुकामूक. साइट बनवणाऱ्यानं जुन्या मशीनवर एकदा उघडून पाहिलं असतं तर जिल्ह्यांची यादी जुन्या पद्धतीनंही लावता आली असती. याचा मला खरंच त्रास होतो, कारण असे फॉर्म ज्यांना भरायचे असतात त्यांच्याकडेच जुनी मशीनं असतात.

कोल्ह्याचं चित्र असलेल्या फायरफॉक्स ब्राउझरमध्ये हीच सोय आवृत्ती ११५ मध्ये आली, आणि विंडोज ७ वर चालणारं शेवटचं फायरफॉक्सही नेमकं ११५ च. त्याच्या ईएसआर, म्हणजे जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीला फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं पुढंही सुरक्षेच्या दुरुस्त्या चालू ठेवल्या. सप्टेंबर २०२४ पर्यंतच देणार म्हणाले होते, मग मुदत वाढवली. माझ्या पेनड्राइव्हमध्ये ३२ बिटचा पूर्ण इन्स्टॉलर असतोच. टाकला, अपडेट करून घेतला, ताईंचे बुकमार्क इकडे आणले. जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिनही बसवलं. दोन जीबीत त्यानं जीव येतो.

विंडोज काढून लिनक्स ही फुकटची सिस्टिम का नाही टाकली, असं कुणी विचारेल. पुस्तकांच्या नोंदी ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत ते फक्त विंडोजवर चालतं, आणि ताईंचा हात त्यावर बसलाय. शेवटच्या तारखेला तर असले प्रयोग नकोतच.

पान उघडलं. जिल्हा, तालुका, कॉलेज, सगळे रकाने आले. पोरगी एकेक अक्षर बघून टाइप करत होती. आईचं नाव लिहिताना थांबली, पिशवीतून रेशनकार्ड काढलं, त्यावरचं स्पेलिंग बोटानं धरून उतरवलं. फोटो मोठा म्हणून परतला, तो मी पेंटमध्ये लहान करून दिला. पावणेदोनला अर्ज क्रमांक आला. तिनं तो आधी वहीत लिहून घेतला आणि मगच प्रिंटचं बटण दाबलं.

निघण्याआधी फायरफॉक्स बंद होताना कुकीज आणि हिस्टरी पुसली जाईल असं सेटिंग करून ठेवलं, सगळ्यांचं मशीन आहे ते. विंडोज ७ ला स्वतःला आता अपडेट येत नाहीत, हेही ताईंना नीट समजावलं. त्यांनी लगेच पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं: 'येथे बँकेचे व्यवहार करू नयेत. फॉर्मसाठी कोल्ह्याचे चित्र दाबावे.'