पो नदीच्या बांधावरून: पेस्किएरा ते फेर्रारा, सायकलवर

उत्तर इटलीतली पो नदी पहिल्यांदा भेटली ती सान बेनेदेत्तो गावाजवळ, आणि पाणी दिसायच्या आधी दिसला तो तिचा बांध. गवताने झाकलेला, उंचच उंच, माथ्यावर एका गाडीपुरता रस्ता. ताई पुढे होती. (माझी मावसबहीण, म्युनिकला असते. ही सगळी सहल तिच्यामुळेच घडली.) ती वर पोचली, पाय टेकून थांबली आणि म्हणाली, "अरे, इकडे बघ. आपली चाकं आणि त्या घरांची कौलं एका पातळीला आहेत."

आम्ही दोघंही सांगलीचे, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या गावचे. पावसाळ्यात "आयर्विनला पाणी किती?" हा प्रश्न आमच्या घरात जेवणाआधी विचारला जातो. 2019 साली पुलाजवळची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा ताईच्या माहेरी पहिला मजला पाण्यात होता. त्यामुळे घरांच्या कौलांएवढा उंच बांध म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिथून पुढचे दोन दिवस आम्ही सायकल चालवली ती त्या बांधाकडे बघतच.

आमचा मार्ग असा. गार्दा सरोवराच्या टोकाला पेस्किएरा देल गार्दा, तिथून मिंचो नदीच्या काठाने मांतोवा, सुमारे 45 किलोमीटर. मग गोवेर्नोलोवरून सान बेनेदेत्तो पो, सुमारे 30. आणि शेवटचा लांबचा टप्पा बांधावरून फेर्रारापर्यंत, 90 च्या आसपास. सायकल चालवली तीन दिवस, पण मांतोवा आणि फेर्रारात एकेक दिवस मुक्काम वाढवला. तो वाढवाच. या गावांतून नुसतं चाक फिरवून पुढे जाणं म्हणजे पंगतीला बसून ताट न बघता उठणं.

मिलानहून पेस्किएराला प्रादेशिक गाडी मिळते. सायकलचं चित्र असलेल्या डब्यातच चढायचं आणि सायकलचं वेगळं तिकीट काढायचं, आम्हाला साडेतीन युरो पडले. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. घाईत तेच राहून जातं आणि दंड बसतो.

पेस्किएरा ते मांतोवा हा नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपा दिवस. मिंचो नदी सरोवरातून बाहेर पडते आणि रस्ता तिच्याबरोबर हलकेच उतरत जातो. बहुतेक मार्ग डांबरी, मोटारींपासून वेगळा. वाटेत बोर्गेत्तोला थांबा. पाणचक्क्यांची ही चिमुकली वस्ती, आणि तिच्यावरून गेलेला मिलानच्या व्हिस्कोंती घराण्याचा 1393 चा पूल-बंधारा. 600 मीटरहून लांब असलेलं हे दगड-विटांचं काम जान गालेआत्सो व्हिस्कोंतीने बांधून घेतलं. नदी अडवायची आणि सीमा राखायची, दोन्ही कामं एकाच भिंतीकडून.

मांतोवा तीन बाजूंनी पाण्यात आहे. ही तळी निसर्गाची नव्हेत. बाराव्या शतकाच्या अखेरीस आल्बेर्तो पितेंतीनो या अभियंत्याने मिंचो अडवून, वळवून ती घडवली. वरच्या तळ्यात कमळं आहेत, 1921 साली लावलेली, आता हटवता हटत नाहीत इतकी पसरलेली. फुलं बघायची तर जुलै-ऑगस्टमध्ये जावं लागतं. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो, तेव्हा मोठमोठी पानंच होती. पण जुलैत त्या मैदानावर सायकल चालवावी असं मी कुणाला सांगणार नाही. हवा दमट, वारा पडलेला, बांधावर एक झाड नाही. मे किंवा सप्टेंबर हेच महिने. नोव्हेंबरपासून धुकं धरतं.

गोंझागा घराण्याने इथे 1328 ते 1707 राज्य केलं. त्यांच्या दुकाले राजवाड्यात चित्रकार मांतेन्याने 1465 ते 1474 या काळात रंगवलेली खोली आहे, तिचं आरक्षण आधी करा, आत थोडाच वेळ थांबू देतात. वेळ एकाच जागेपुरता असेल तर मात्र मी 'पालाझ्झो ते' हा महाल सांगेन. जुलियो रोमानोने 1524 ते 1534 या दहा वर्षांत हा विलासमहाल उभा केला. त्यातल्या राक्षसांच्या दालनात भिंती आणि छत यांच्या मधली रेघच नाही, सगळीकडून खडक आणि खांब कोसळताना दिसतात. ताई दारातच थबकली, तिने माझा हात धरला. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, मुक्कामाचा वार त्या हिशेबाने ठरवा.

जुन्या गावांत रस्ते नदीतल्या गोट्यांचे आहेत. मनगटं दुखून येतात. त्यातून दगडी लाद्यांचे दोन पट्टे गेलेले असतात, पूर्वी गाड्यांच्या चाकांसाठी घातलेले. त्यावरून चालवा, मात्र पाऊस पडला असेल तर उतरून चाला. टायर 32 मिलिमीटरपेक्षा बारीक नकोत, कारण बांधावरही मध्ये मध्ये डांबर संपून खडी लागते.

शाकाहारी लोकांसाठी दोन शब्द. इथला लाल भोपळा भरलेला पास्ता, तोर्तेल्ली दी झुक्का, अप्रतिम असतो. भोपळ्यात बदामी बिस्किटांचा चुरा आणि फळांचं झणझणीत लोणचं घालतात, त्यामुळे गोड-तिखट अशी आपल्या ओळखीची चव येते. फेर्रारात तोच प्रकार काप्पेल्लाच्ची नावाने मिळतो, पण तिथे बऱ्याचदा वर मांसाचा रस्सा घालतात. "बुर्रो ए साल्व्हिया" म्हणून सांगा, म्हणजे लोणी आणि साल्व्हियाची पानं येतील. फेर्रारातल्या पिळाच्या पावात डुकराची चरबी असते. पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने लावतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी आधीच विचारावं.

सान बेनेदेत्तोचा मठ 1007 साली स्थापन झाला, पो आणि लिरोने या दोन प्रवाहांमधल्या बेटावर. म्हणून त्याचं नाव पोलिरोने. कानोस्साची माटिल्दा, पोप आणि सम्राट यांच्या झगड्यात पोपच्या बाजूने उभी राहिलेली सरदारीण, 1115 साली इथेच पुरली गेली. सतराव्या शतकात तिचे अवशेष रोमला नेले. दगडी शवपेटी तेवढी इथे राहिली आहे. गावात 2012 च्या भूकंपाची इजा झाली होती, तरी मठ उभा आहे आणि बघण्यासारखा आहे. येताना गोवेर्नोलोला मिंचो पोला मिळते. पोप लिओ आणि हूणांचा अत्तिला यांची 452 सालची भेट याच भागात झाली असं परंपरा सांगते.

आता तो 90 किलोमीटरचा दिवस. चढ नाही म्हणून तो सोपा समजू नका. सपाट रस्त्यावर उतारही नसतो, पाय एक क्षण मोकळे होत नाहीत. सेरमिदेच्या पुढे समोरून वारा आला आणि दोन तास आमचा वेग ताशी 14 च्या वर गेला नाही. आळीपाळीने पुढे राहा, दहा-दहा मिनिटं. सकाळी लवकर निघा.

दुसरी अडचण पाण्याची. बांधावर दुकान नाही, आणि खाली गावात उतरलं तर साडेबारा ते साडेतीन सगळं बंद. आमच्या बाटल्या फेलोनिकाच्या अलीकडे संपल्या. एका आजोबांना विचारलं, तर त्यांनी दफनभूमीकडे बोट दाखवलं. तिथे फुलांना पाणी घालायला नळ असतो! इथल्या जवळजवळ प्रत्येक गावात गावाबाहेर दफनभूमी असते, आणि सायकलवाले तिथेच पाणी भरतात. टोपी काढून, हळू आवाजात आत जायचं, एवढं पाळा.

त्याआधी, सकाळी क्विंजेंतोलेजवळ, समोरून पगडी बांधलेले एक काका सायकलवर आले. आम्हाला बघून थांबले. "इंडिया से?" होशियारपूरकडचे, वीस वर्षं इथल्या गोठ्यावर काम करतात. या पट्ट्यात असे बरेच शीख आहेत, दक्षिणेला नोव्हेल्लाराला मोठा गुरुद्वारा आहे. पोच्या उजव्या काठचं दूध पार्मेझानला जातं, डाव्या काठाचं जात नाही, हे त्यांनीच सांगितलं. मग स्वतःच्या डब्यातला पराठा काढून दिला. पहाटे चारला धारेला उठणाऱ्या माणसाचा डबा होता तो. आम्ही नको नको म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही.

स्तेल्लाताला नदीकाठी एक लहानसा किल्ला आहे आणि समोरच्या काठावर फिकारोलो. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो. बाराव्या शतकाच्या मध्याला फिकारोलोजवळ बांध फुटला आणि पोचा मुख्य प्रवाह उत्तरेकडे सरकला. तोवर पो फेर्राराच्या तटाला लागून वाहत होती. पुढे फेर्राराच्या एस्ते घराण्याने तिथे 1385 पासून किल्ला बांधला, 1492 पासून बिआजो रोस्सेत्तीने शहराची मोठी वाढ आखली, 8,500 टोकदार दगडांचा 'हिऱ्यांचा वाडा' उभा राहिला. पण थोरली नदी परत आली नाही.

फेर्रारात सायकल हे वाहन आहे, खेळ नव्हे. सत्तरीच्या बायका हँडलला भाजी लटकवून, ताठ बसून, आम्हाला मागे टाकून जात होत्या. तटबंदीवरून नऊ किलोमीटरची फेरी मारा, शक्यतो संध्याकाळी. अंधार पडल्यावर गावाबाहेर चकाकतं जाकीट कायद्याने लागतं, दिवे आणि घंटा तर लागतातच. डासांचं मलम बरोबर ठेवा, सप्टेंबरातही. हाताशी दिवस असतील त्यांनी स्तेल्लाता ते गोरीनो हा 'देस्त्रा पो' मार्ग पुढे समुद्रापर्यंत करावा, 120 किलोमीटरच्या वर आहे. फेर्रारातून परतायला बोलोन्याच्या गाड्या भरपूर.

शेवटच्या सकाळी आम्ही पोंतेलागोस्कुरोला गेलो, फेर्राराहून अर्ध्या तासाच्या आत. पलीकडच्या काठावर ओक्कियोबेल्लो. 14 नोव्हेंबर 1951 ला त्या बाजूचे बांध फुटले आणि पोलेझीने प्रदेश बुडाला. 100 च्या आसपास माणसं गेली, त्यातली 84 एकाच ट्रकवर होती, सुटकेसाठी चढलेली. दीड लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली.

ताईने तिथूनच मावशीला फोन लावला. "आयर्विनला किती?"

"सोळा फूट. उतरतंय. तुमच्या नदीला किती?"

ताईने पाणीपातळीची नोंद बघितली. इथला शून्य वरच्या पातळीला धरलेला आहे, त्यामुळे कोरड्या दिवसांत आकडा शून्याच्या खाली असतो. "उणे पाच मीटर," ती म्हणाली.

"उणे?" मावशी थोडा वेळ गप्प राहिली. "बरं आहे. तसंच राहू दे."