कंपायलरने सोडलं, मॅपने पकडलं

शनिवारी दुपारी गो भाषेत लिहिलेली आमची कॅटलॉगची सर्व्हिस पडायला लागली. पडायची, उठायची, परत पडायची. लॉगमध्ये दरवेळी तेच पॅनिक, म्हणजे प्रोग्रॅम थांबवणारी चूक: एनीच्या स्लाइसचा (कुठल्याही टाइपच्या व्हॅल्यूंच्या यादीचा) हॅश काढता येत नाही. मेसेज हाताळणाऱ्या वर्कर गोरुटीनमध्ये (गोचा हलका थ्रेड) पॅनिक झेलणारा रिकव्हर नव्हता, त्यामुळे अख्खी प्रोसेस जायची आणि क्यू तोच मेसेज पुन्हा हातात द्यायची.

मेसेज उघडला. एका विक्रेत्याने रंगाच्या फील्डमध्ये एका शब्दाऐवजी दोन रंगांची यादी पाठवली होती. जेसन या डेटा पाठवायच्या फॉरमॅटमधली अशी यादी गोमध्ये एनीची स्लाइस होते. आमचं डुप्लिकेट काढणारं जेनेरिक (अनेक टाइप्सना चालणारं) फंक्शन प्रत्येक व्हॅल्यू मॅपची, म्हणजे की-व्हॅल्यूच्या तक्त्याची, की म्हणून टाकतं. कीचा हॅश काढावा लागतो, त्यामुळे स्लाइस काही की होत नाही.

"अरे, पण टाइप पॅरामीटरवर कम्पेअरेबल लावलंय की! मग कंपाइल झालंच कसं?" शेजारचा म्हणाला.

रास्त प्रश्न. कम्पेअरेबल ही अट म्हणजे == ने तुलना होणारेच टाइप चालतील. मार्च 2022 मध्ये गो 1.18 सोबत जेनेरिक्स आले तेव्हा हे झालंच नसतं. कम्पेअरेबलच्या जागी एनी दिला की कंपायलर अडवायचा. पण साध्या मॅपला एनी की म्हणून आधीपासून चालायचा, आणि जेनेरिक सेटला मात्र नाही. लोक वैतागले. फेब्रुवारी 2023 च्या 1.20 मध्ये अट सैल झाली: एनीसारखा इंटरफेस चालेल, आत काय निघतं ते रनटाइमला बघू. सोय म्हणून ठीक, पण बाहेरून येणाऱ्या डेटासाठी मला हा सौदा महागच वाटतो.

आमच्या जुन्या कोडमध्ये प्रत्येक व्हॅल्यू आधी स्ट्रिंग करून घेत, कारण कंपायलर दुसरं काही घेईना. प्रोजेक्टच्या मॉड फाइलमधली गोची आवृत्ती 1.20 झाली आणि ती पायरी कुणीतरी काढली. कारणही चोख होतं: 1 हा आकडा आणि "1" ही स्ट्रिंग एकच धरली जात होती. टेस्ट सगळ्या हिरव्या. त्यांत यादी कुठेच नव्हती.

रिकव्हर टाकून मोकळं व्हायची सूचना आली. नको म्हटलं. फंक्शनच्या टाइप पॅरामीटरवरची अट, म्हणजे कन्स्ट्रेंट, बदलून स्ट्रिंग आणि इंट64 अशा ठोस टाइप्सचं युनियन केलं, प्रत्येकापुढे टिल्डा (~), म्हणजे त्यांच्यावर बेतलेले आमचे आयडीचे टाइपही बसतील. एनीला आता दार बंद. कॅटलॉगमध्ये व्हॅल्यूचं जेसन करून तीच स्ट्रिंग की ठरवली. तिथे 1 आणि "1" वेगळे राहतात.

बिल्ड लावला तर सवलतींच्या पॅकेजमधला एक कॉलही लाल झाला. तिथे टाइप एनी होता, पण आजवर फक्त स्ट्रिंगच येत होत्या.